बिजलीबाईंची खोली आणि पन्नासची लेन्स

१२ नोव्हेंबर २०१७
निर्णय झाला. नवी लेन्स घ्यायची. घाटंजीत माझा फोटो स्टुडिओ का चालत नाही, ते आज नेमकं सापडलं. कॅमेऱ्यासोबत आलेली अठरा ते पंचावन्नची झूम लेन्स! तिच्यानं माणसामागचं धूसर होत नाही. मागचं धूसर झालं की गिऱ्हाईक खूश.
साधना म्हणाली, गिऱ्हाईक बोंडअळीनं खाल्लं, लेन्सनं नाही. कापूस घरात आला नाही तर लग्नं कुठून येतील?
बायकोला ऑप्टिक्स कळत नाही.

१९ नोव्हेंबर
बजेट आठ हजार. त्यावर एक रुपया नाही.
लांबची झूम? टिपेश्वरचे वाघ काढता येतील. बजेटबाहेर. वाघही काही ऑर्डर देत नाही.
वाइड? जवळून सगळं मावतं, पण बजेटबाहेर. शिवाय कडेच्या माणसांची डोकी लांबट येतात.
पन्नास एमएम, वन पॉइंट एट. मागचं धूसर, आणि बरोबर बजेटात. आता यात विचार कसला करायचा.

२६ नोव्हेंबर
सत्तावीस व्हिडिओ पाहून झाले. आपला कॅमेरा क्रॉप सेन्सर, म्हणजे आतला सेन्सर लहान. त्यावर पन्नासची लेन्स ऐंशीसारखी वागते, सगळं जवळ येतं. म्हणजे पन्नासच्या भावात ऐंशी. वरचे तीस फुकट.
साधना म्हणे, जुनी लेन्स पन्नासवर लावून एकदा घरात पाहा ना, किती मावते ते. घरात उजेड कमी, म्हणून रस्त्यावर जाऊन पाहिलं. झकास.

९ डिसेंबर
यवतमाळले गेलतो. घेतली. जुनी दिली तर दुकानदार काही कमी करत होता. देऊन टाकली. वाचलेल्या पैशांची बॅग घेतली. तिच्यात चार लेन्सचे कप्पे. एक भरला.
पहिला फोटो साधनाचा. फारच सुंदर. तिनं तो जवळ घेऊन पाहिला. मग म्हणाली, मी एवढी थकलेली दिसते?

२१ जानेवारी २०१८
दीड महिन्यात ऑर्डर नाही. बोर्डाचा रंग उडालाय, त्यामुळे असेल.
आज मात्र तांड्यावरचे फुलसिंगभाऊ आले. मुलीचं लग्न मंगल कार्यालयात व्हायचं होतं. कापसाचं असं झालं, आता घरीच. अल्बम रद्द, व्हिडिओ रद्द. दोन तास यायचं फक्त. त्यांची आई, बिजलीबाई, कंबरेचं हाड मोडून खाटेवर आहे. हलवता येत नाही.
"माय म्हणते, सगळे माह्या खाटेभोवती उभे राहा न एक फोटो काढा. बाकीचे नसले तरी चालते भाऊ, तेवढा एक पाह्यजे."
मी म्हटलं, असा देतो की नागपूरचे फोटोवाले पाहत राहतील. खोली केवढी, ते विचारायचं राहिलं. पण प्रोफेशनल माणूस खोल्या मोजत बसत नाही.

११ फेब्रुवारी
अंगणातले फोटो ए-वन. नवरीच्या पापण्यांचे केस मोजून घ्यावेत.
मग खोली. टिनाची, दहा बाय आठ असेल. खाटेभोवती सतरा माणसं. मी भिंतीला पाठ लावली, चार चेहरे आले. दारात गेलो, सहा. आणखी मागे सरकलो तर पाण्याच्या टाक्यात पडता पडता वाचलो, आणि फोटोत नुसती चौकट.
बिजलीबाई ओढणी सारखी करून हसत तयार. "झालं का बाबू?"
दुसरी लेन्स घरी राहिली, असं सांगितलं. ती यवतमाळच्या दुकानात आहे, पण एवढा तपशील द्यायची ती वेळ नव्हती. पाच तुकड्यांत काढला. कॉम्प्युटरवर जोडतो म्हटलं. आजकाल सगळे तसंच करतात.
म्हातारीनं वीस मिनिटं हसू धरून ठेवलं. शेवटी गाल चोळायला लागली.

१८ फेब्रुवारी
जोडणी सुरू. प्रगती चांगली. जावयाच्या खांद्यावर तीन हात आहेत, त्यातला एक कोणाचा ते कळत नाही. बिजलीबाई दोन झाल्यात.
फुलसिंगभाऊंचा फोन. माय रोज विचारते, म्हणाले. दोन दिवस मागून घेतले.

२ मार्च
फोन वाजला. उचलला नाही. काम झाल्यावरच बोलावं. उगाच माणसाला आशेवर ठेवू नये.

९ मार्च
बिजलीबाई गेल्या. बाजारात कळलं. साधनानं दोन्ही वेळा ताट वाढून ठेवलं आणि आत गेली.
पाच तुकड्यांतल्या एकात त्या एकट्या नीट आल्यात. चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती. मोठा करून फ्रेम केला. उद्या तांड्यावर नेऊन देतो.

११ मार्च
काल जाणं झालं नाही. आज फुलसिंगभाऊच आले.
फ्रेम पुढे केली. त्यांनी काचेवरून हात फिरवला. "लय चांगला आला भाऊ." मग थैलीतून एक फोटो काढला. पुसदच्या भाचीनं त्या दिवशी खिडकीतून मोबाईलवर काढलेला, प्रिंट करून धाडलेला.
"मायनं हा पाह्यला होता. उशाशीच ठेवे. याले फ्रेम करून द्या."
फोटो थोडा हललाय. उजेड कमी. फोकस तर नाहीच. पण सतराही जण आहेत, मधे बिजलीबाई. मोबाईलकडे एकही जण पाहत नाही. सगळे दाराकडे पाहून हसताहेत, जिथे मी उभा होतो.
फ्रेम करून दिली.