येसरच्या भांड्यातली एस्प्रेसो

गुरु., ६ नोव्हें.
छावणीच्या बाजारात मोका पॉट मिळाला. खाली पाणी, मधे पूड, वाफेच्या जोरानं कॉफी वर. विकणारा म्हणाला, "साब, इसमें चाय नक्को बनाना." वायसर गेलेला. कुकरच्या जुन्या रिंगमधून कापला, चपखल बसला. वर्कशॉपात जळालेल्या मोटरी बांधायला तरी मला कोणी शिकवलं होतं?
लेकीला, केतकीला, बी.ई. केलं. नोकरी सोडून पुण्यात कॉफीच्या दुकानात उभी राहते. दिवाळीत बोललो, मशीनचं बटण दाबायला डिग्री कशाला. तर म्हणाली, "मशीन राहू द्या. घरी एक कप एस्प्रेसो करून दाखवा." तेव्हापासून तिचा फोन फक्त आईला.

रवि., ९
सकाळपासून तेच. फिल्टरचं पाणी, गॅस बारीक. वर येतं नुसतं काळं पाणी, एस्प्रेसोवर असतो तो सोनेरी फेस नाही. पूड जाड असणार. मिक्सरमधून पुन्हा काढली, पार पीठ. चमच्याच्या पाठीनं ठासली. दाब हवा तर दाबायला नको?
सांध्यातून पिचकारी. फरशी, कॅलेंडर, सौ.चा गाऊन.
"लेकीला फोन लावा की, भिंती काय रंगवायलात!"
फोन नाही. कपच दाखवीन.

शनि., १५
केतकी उद्या येतेय. "आईला भेटायला." चिकमंगळूरचे दाणे आणून ठेवले. उद्याच दळायचे, ताजे. कशात लक्ष नाही.

रवि., १६
आली. कप पुढं ठेवला. आधी वास घेतला तिनं, मग घोट.
"बाबा, ह्यात येसर आहे."
सौ. आतून, "तेच भांडं घेतलं ना मिक्सरचं? कालच येसर दळलं त्यात!"
आमटीचा मसाला, माझ्या कॉफीत. घासलं होतं मी भांडं. केतकी हसायला लागली, थांबेचना. मी नाही हसलो. कप मात्र संपवला तिनं.
"आणि पूड दाबू नका. ह्यात नुसती सपाट भरायची. तसंही ही खरी एस्प्रेसो नाहीच, तेवढा दाब ह्यात येत नाही."
"मग करून दाखवा कशाला म्हणालीस?"
"म्हटलं बघू, बाबांना बटण सापडतं का."
नोकरीचं विचारणार होतो. राहिलं.

सोम., १७
सकाळच्या गाडीनं गेली. ओट्यावर तिची कॉफी दळायची हातचक्की. सौ. म्हणते, विसरली, कुरिअर करा. केतकी वस्तू विसरत नाही, माझ्यावर गेलीय. मग?
दुपारी त्याच चक्कीत दळली. न दाबता भरली. कडेला जरासा सोनेरी फेस, लगेच विरला. पण आला होता.
सौ.ला दाखवायला हाक मारली, तोवर गेलेला.
फोन घेऊन बसलोय. काय म्हणून लावायचा? चक्की राहिलीय म्हणून, की फेस आला म्हणून...