करंगळीवरची शाई

४ मार्च, सोमवार

कॉलराच. प्रयोगशाळेचा फोन आला तेव्हा डॉक्टरसाहेब उभे होते, फोन ठेवून ते खाली बसले. दोन दिवस सगळे नुसतं ‘हगवण, हगवण’ करत होते. पण परवा पहिल्या म्हाताऱ्याला दवाखान्यात आणलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती — तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखे जुलाब, आणि डोळे पार खोल गेलेले.

रोगी सगळे कालव्यापलीकडच्या वस्तीतून येताहेत. शाळेच्या दोन वर्गांत खाटा टाकल्या. खाटेला मधोमध भोक, खाली बादली. सुताराला पटेना, चांगल्या खाटा का कापायच्या म्हणून. कारण सांगितल्यावर तो खाली मान घालून कापत राहिला.

घरी आले तर सासूबाईंनी दारातच साबण पुढे केला. “पटकीच ना ही?” त्यांच्या लहानपणी पटकी म्हणायचे. त्यांचा धाकटा भाऊ तीत गेला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हे आज कळलं.

७ मार्च, गुरुवार

लस आली! पण मागितली त्याच्या निम्मीच. खरं तर माणशी दोन डोस द्यायचे, मध्ये दोन आठवडे तरी जाऊ द्यायचे. साहेब म्हणाले, निम्म्यांना दोन देण्यापेक्षा सगळ्यांना एकेक देऊ. एका डोसावरही काही महिने निभावतं. दुसरा पुढच्या महिन्यात, साठा आला की. मला पटलं. वस्तीत समजावून सांगायचं काम माझ्याकडे.

शीतपेट्या सांभाळायला आमचा बर्फ्या आहे. पन्नाशीचा माणूस. जन्म बर्फाशेजारी गेला, तोंड मात्र कधी थंड पडलं नाही.

९ मार्च, शनिवार

पहिला दिवस. वस्तीच्या चौकात टेबल मांडलं. इवलीशी प्लास्टिकची नळी — टोक मोडायचं, तोंडात पिळायची, करंगळीला शाई लावायची, झालं. सुई नाही म्हटल्यावर लहानांपेक्षा मोठीच खूश! चव मात्र वाईट, गंजका चमचा चोखल्यासारखी. बर्फ्या येईल त्याला सांगत होता, गोड लागली तर परत आणून द्या.

वस्तीत एक वेल्डर आहे, त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. त्यानं आधी स्वतः घेतली, मग रांग लागली.

एक शिलाईवाली आली, चार वर्षांची मुलगी कडेवर. मुलीनं घेतली आणि नखशिखांत शहारली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “आईला पण द्या.” सगळे हसले. आई म्हणाली, कपड्यांसाठी माणूस खोळंबलाय, मी उद्या येते. मुलगी शाईची करंगळी झेंड्यासारखी वर धरून गेली.

पाय भरून आलेत. ह्यांनी गरम पाण्याची बादली आणून पायांशी ठेवली. बरं वाटलं.

१० मार्च, रविवार

ती मुलगी गेली.

११ मार्च, सोमवार

काल पुढे लिहिता आलं नाही.

सकाळी आईनं उचलून आणली तेव्हा अंग चिमटीत धरावं तर कातडी तशीच वर राहत होती. सलाइन लावायला शीर सापडेना. मी शोधली, साहेबांनी शोधली. सापडली तोवर फार उशीर झाला होता.

आदल्या संध्याकाळपासून होत होतं म्हणे. आईला वाटलं, औषधानं पोट धुऊन निघतंय, होईल बरं. म्हणून थांबली. लस घेतली तरी जुलाब लागले तर लगेच या, असं मी रांगेला सांगितलं होतं. ओरडून सांगितलं होतं. पण त्या गलक्यात किती जणांच्या कानी गेलं असेल?

आई रडली नाही. मुलीची करंगळी हातात धरून अंगठ्यानं शाई पुसत बसली. ती शाई पुसून जात नाही.

१३ मार्च, बुधवार

वस्तीनं दारं लावून घेतली. औषधानंच पोर मारलं — घराघरांत हेच. लोक वाळूनं घासघासून करंगळ्या सोलून काढताहेत. मिस्त्री पुलावरच भेटला. आवाज न चढवता म्हणाला, “सिस्टर, तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण आता इथं कोणी तोंड उघडणार नाही.”

आजारी मात्र पडताहेतच. लपवतात, अगदी हातातून जायची वेळ आली की आणतात. काल एक, आज दोन दगावले.

साहेब म्हणाले, पोलीस घेऊन जाऊ. मी म्हटलं, पोलीस तोंड उघडायला लावतील, गिळायला कसं लावणार? साहेब चिडले. मग म्हणाले, तुम्हीच सुचवा काहीतरी.

भरलेल्या पेट्या तशाच परत आल्या. बर्फ्या एकेक नळी मोजून पुन्हा पेटीत रचत बसला.

१४ मार्च, गुरुवार

शिलाईवालीकडे गेले. एकटीच. दार उघडंच होतं. एक खोली, खिडकीत मशीन, दोरीवर लोकांचे कपडे. नवरा दूर कुठेतरी बांधकामावर असतो, अजून पोचलेला नाही. ती मशीनपाशी बसली होती. बस म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. मी जमिनीवर बसले.

तिनं विचारलं, “तुमच्या औषधानं गेली का?”

नाही म्हटलं. हा रोग पोटात शिरला तरी लगेच दिसत नाही. टेबलापाशी आली तेव्हाच तो तिच्या आत होता. आणि लस अंगी लागायला आठवडा तरी जातो. एरवी सांगते तसंच सांगितलं, फक्त आवाज माझा मलाच परका वाटत होता.

“मग दिलं कशाला?”

कोणाच्या पोटात आहे आणि कोणाच्या नाही हे बघून कळत नाही, म्हणून सगळ्यांना देतो, म्हटलं. तिच्यापर्यंत पोचायला आम्हाला उशीर झाला. तिनं मशीन सुरू केलं. सुईत दोरा नव्हता. तशीच चालवत राहिली.

मी उठले तेव्हा तिनं विचारलं, शाळेतल्या खाटांवर लहान मुलं किती आहेत. सांगितलं. तिनं मान हलवली.

१६ मार्च, शनिवार

आज लिहून ठेवायलाच हवं.

टेबल मांडलं. चौकात चिटपाखरू नाही. मिस्त्री दुकानाच्या पायरीवर हाताची घडी घालून उभा. बर्फ्या माश्या मारत बसलेला.

आणि समोरून ती आली. वाटेवरची एकेक खिडकी किलकिली होत गेली. टेबलापाशी उभी राहून म्हणाली, “माझी राहिलीय. ती म्हणाली होती ना, आईला पण द्या.”

मी नळीचं टोक मोडलं. तोंडात पिळली. तिनं गिळली. चेहऱ्यावर काहीसुद्धा हाललं नाही. मग करंगळी पुढे केली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत कोणाच्या बोटाला शाई लावताना मला रडू आलं नव्हतं.

ती गेली नाही. रिकाम्या पेटीवर बसून राहिली. आधी एक म्हातारी आली. मग मिस्त्रीनं आपल्या दोन्ही सुना पाठवल्या, नातवंडांसकट. दुपारनंतर रांग पार वळणापलीकडे गेली. घ्या म्हणून तिनं एकालाही सांगितलं नाही. फक्त कडेवर मूल असलेल्या बाईला थांबवायची आणि म्हणायची, “जुलाब लागले तर वाट बघू नकोस. तशीच उचल आणि शाळेत ने.” मी ओरडून सांगितलं होतं तेच. तिला ओरडावं लागलं नाही.

२० मार्च, बुधवार

सासूबाईंनी विचारलं, ती काही खाते का? मी म्हटलं, माहीत नाही. उद्यापासून माझ्या डब्यात दोघींचं देणार आहेत.

२६ मार्च, मंगळवार

खाटा रिकाम्या होताहेत. येतात ते वेळेवर येतात, मीठ-साखरेच्या पाण्यावर सावरतात. वस्तीच्या पाण्यात घाण सोडणारा कालव्याखालचा फुटका पाइप अखेर बदलला, नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतोय. साहेब म्हणाले, लसीनं वेळ मिळवून दिला, त्या वेळात पाणी नीट केलं. एकट्या लसीवर भागलं नसतं.

२ एप्रिल, मंगळवार

आठवडाभरात नवा रोगी नाही. सुतार विचारायला आला, खाटांची भोकं बुजवू का? साहेब म्हणाले, राहू दे, पण देव करो आणि पुन्हा न लागो.

वस्तीत जाईन तिथं एकच प्रश्न — दुसरा डोस कधी? मी सगळ्यांना सांगते, याच महिन्यात. शब्द दिलाय.

८ एप्रिल, सोमवार

सकाळी पेट्या आल्या. बर्फ्यानं स्वतः उतरवून घेतल्या, नवरी उतरवून घ्यावी तशा.

दुपारी वरून हुकूम. पेट्या उघडू नका, पुढे पाठवा. डोंगरापलीकडच्या गावात रोग फुटलाय, तिथं एकालाही एकही डोस मिळालेला नाही. इतर कुठेच साठा शिल्लक नाही.

मी साहेबांशी भांडले. आमच्या वाटणीचं आहे, मी शब्द दिलाय, आता कोणत्या तोंडानं पुलापलीकडे जाऊ? ते म्हणाले, तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो. पण इथे निदान एक पोचलाय. बरोबर आहे, म्हणून तर जास्त राग आला. आज वाटून टाकू, हुकूम उद्या मिळाला म्हणू, असंही माझ्या तोंडून गेलं.

संध्याकाळी मिस्त्रीला जाऊन सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि पाठ फिरवून आत गेला.

९ एप्रिल, मंगळवार

दवाखाना उघडला तर पायरीवर शिलाईवाली. मिस्त्रीकडून कळलं होतं. मला वाटलं, जाब विचारायला आली. तिनं विचारलं, तिकडे कधी पोचणार? परवा, मी म्हटलं.

“परवा नको. आमच्याकडे उशिरा आलं.”

मग विचारलं, तिथल्या बायांना सांगायला गाडीत एक माणूस बसेल का.

साहेबांना विचारून बर्फ्यानं लगेच पेट्या चढवल्या आणि पुढची सीट तिच्यासाठी पुसून दिली. ऊन चढायच्या आत निघाले दोघं.