सातला गप्प होणारी डबी

१२ फेब्रुवारी २०२३
आईच्या हृदयाच्या ठोक्यांची रेघ आज पुन्हा गेली. संध्याकाळी सात ते सकाळी सहा — कोरं. तिच्या छातीवर पट्टी, मनगटावर पट्टा. दोन्ही बिनतारी डबीशी बोलतात, आणि डबी सिमकार्डवरून इकडे लातूरला माझ्या फोनशी. दिवसभर सगळं नीट. पण आईला दोनदा चक्कर आली ती रात्रीच! डॉक्टर म्हणतात, रात्रीचं हृदय दिसल्याशिवाय काही सांगता येणार नाही. मी लेकीच्या नीट परीक्षेच्या क्लाससाठी इथे खोली घेऊन बसलेय, आई निलंग्याजवळ गावात एकटी. यंत्र परत द्यायला पाच दिवस उरलेत.

१३ फेब्रुवारी
कंपनीला फोन. पलीकडचा म्हणाला, "शरीर आडवं आलं की सिग्नल अडतो, मॅडम. कुशीवर झोपतात का?" आता आईने झोपायचं कसं हेही मीच ठरवायचं! आईला सांगितलं, उताणी झोप. "बरं," म्हणाली.

१४ फेब्रुवारी
रात्र कोरीच. आता संशय पत्र्याच्या शेडवर. त्र्याण्णवच्या भूकंपात घर पडलं, माझा धाकटा भाऊ गेला. तेव्हापासून आई स्लॅबखाली झोपलेली नाही. पुनर्वसनातल्या घरात पाहुणे झोपतात, ती अंगणात पत्र्याखाली. "एक रात्र आत झोप." — "न्हाई." — "माझ्यासाठी?" — तिने फोन ठेवला.
लेक पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "मम्मी, आजीवर किती ओरडतेस." ओरडते. भीती वाटली की मला दुसरं काही सुचत नाही.

१५ फेब्रुवारी
कोरी. जेवण गेलं नाही.

१६ फेब्रुवारी
लेकीला क्लासला सोडलं आणि निलंग्याची एसटी धरली. गावात दिवसभर आईच्या मागेमागे. सातला तिने डबी पदराने पुसली, टॉवेलात गुंडाळली, शेडच्या दाराशी असलेल्या लोखंडी ट्रंकेत ठेवली आणि कुलूप लावलं. भूकंपापासून ही ट्रंक दारातच असते — जमिनीचे कागद, डोरलं, भावाचा फोटो. पळायची वेळ आली तर तेवढी उचलायची.
लोखंडातून डबी बोलणार काय, कप्पाळ! "तूच म्हन्लीस न्हवं, लई मोलाची हाय, जपून ठिव," आई म्हणाली. आणि मी चार दिवस कंपनीला, पत्र्याला, तिच्या कुशीला दोष देत होते. लाज वाटली. डबी तिच्या उशाशी ठेवली.

१७ फेब्रुवारी, सकाळ
रेघ रात्रभर सलग. तिच्यात आईचं हृदय दोनदा थांबलेलं — चार सेकंद, मग सात. मी शेजारीच होते, मला काही कळलं नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, आजच आणा, पेसमेकर बसवावा लागेल.

दुपार
आईला सांगितलं, दवाखाना तिसऱ्या मजल्यावर आहे. चार रात्री. वर स्लॅब. तिने ट्रंकेचं कुलूप एकदा ओढून पाहिलं. मग म्हणाली, "तू बाजूला झोपशील न्हवं?"