दोघींत एकच बादली

५ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

नव्या गावात घर लागलं, नोकरीचंही बस्तान बसलं, पण तुझी भाची अजून तोंड उघडत नाही. चौथं लागलं तिला. कान तपासले, चांगले आहेत. तरी बालवाडीत एकटीच कोपऱ्यात बसते. कुणाजवळ जात नाही, की कुणाला जवळ येऊ देत नाही.

घरी मात्र आमचा दुकान-दुकान खेळ रंगतो. दुकानदार मी, गिऱ्हाईकही मीच. बबडीनं नुसती भुवई उचलली तरी मला कळतं काय हवंय ते. ही अशीच गप्प राहिली तर काय करू? तिच्याशिवाय इथे माझं आहे कोण?

लोभ आहेच, पत्रातून तरी दिसू दे.

तुझी,
धाकटी

१४ जुलै

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

रागावू नकोस, पण सगळं न मागता मिळतं तर पोर जीभ कशाला झिजवेल? हुशार आहे, आईवर गेलेली दिसत नाही. जन्मभर बालवाडीत पोरं खेळवली म्हणून सांगते. तिनं बोट दाखवलं की भलतीच वस्तू काढून दे आणि गप्प थांब.

शेजारपाजारची एखादी पोर बोलाव. वाळूत दोघींत एकच बादली ठेव. भांडू देत. भांडायला शब्द लागतात. तू मध्ये नाक खुपसू नकोस, तुझी खोड मला माहीत आहे.

तब्येत सांभाळ. जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई

२० ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

बाहुलीकडे बोट दाखवलं तर साबण दिला. बबडीनं आधी रडून घर डोक्यावर घेतलं, मग स्वच्छ म्हणाली, नको. वरच्या मजल्यावरची ढब्बी आता रोज येते. बादलीसाठी झटापट झाली की मी उठायची आणि तुझ्या धाकानं परत बसायची. हळूहळू दे, माझी, आता तू, असं सुरू झालं.

काल दोघींनी टेबलाला चादर लावून घर केलं. मी कौतुकानं वाकून आत शिरायला गेले, तर बबडीनं हात आडवा धरला. म्हणाली, आई, तू नको येऊ, आम्ही बोलतोय.

ताई, अख्खं वाक्य बोलली गं! मग मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. चादरीआडून दोघींची टकळी ऐकू येत होती, आणि मला हे सांगायला घरात कुणी नव्हतं.

लोभाचं पत्र पुरत नाही आता. चार दिवस राहायला ये.

तुझी,
धाकटी