पहिल्या नंबरचा सौदा

दादा, हरत्या संघाच्या माझ्या सख्ख्या सोबत्या, नमस्कार!

मी ठणठणीत आहे, पण पेटलोय. वर्षभर हरून आपल्या बास्केटबॉल संघाला ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायचा पहिला नंबर मिळाला, आणि म्हणे तो देऊन एक म्हातारा खेळाडू घेणार! त्याचे गुडघे आईच्या गुडघ्यांहून वाईट. (आईचे कसे आहेत?)

काल कारखान्याच्या कँटीनच्या बाकावर चढून मी गरजलो, "पहिला नंबर देतो तो करंटा!"

आमच्यातला एक वेल्डर म्हणाला, "भाऊ, घरी जायच्या सुट्टीच्या सोडतीतला तुझा पहिला नंबर मला कशासाठी दिलास? ड्राफ्ट बघायला टीव्हीपुढची माझी खुर्ची हवी म्हणूनच ना?"

मी खाली उतरलो.

आता त्याचा शेवटचा नंबर माझा. दादा, आईला आजच तू सांग, धाकटा मेमध्ये नाही, डिसेंबरात येतोय.

तुझा,
करंटा