बादलीतले बुडबुडे

३ मार्च, सोमवार
वही, माफ कर. सात महिने तुला हात लावला नाही. आज लावतोय, कारण माझं तोंड भलतंच चाललं.

धाकटी लेक ध्रुवाजवळच्या संशोधन ठाण्यावर असते. फोनवर फार खुशीत होती. सूर्यावर स्फोट झालाय, वादळ इकडे निघालंय! म्हणे एरवी हवेच्या अगदी वरच्या थरातून हलके कण तेवढे निसटतात. वादळ आलं की तिथला जड प्राणवायूसुद्धा विजेने भारला जातो, तापतो आणि ध्रुवावरून अवकाशात वाहायला लागतो. किती जातो, ते ती मोजते. "बाबा, तुमचंच काम. फक्त बादली मोठी!"

चाळीस वर्षं पंक्चर काढली मी. ट्यूब पाण्यात दाबायची, बुडबुडा आला की खूण. खूण करायला हीच असायची, फ्रॉक भिजवून.

आणि मी काय बोललो? "आम्ही गळती बुजवायचो. तू नुसती मोजतेस. त्यापायी आईच्या शेवटच्या दिवसांतही आली नाहीस."

लाइन गेली.

४ मार्च
लागत नाही. नऊदा लावला.

५ मार्च
रेडिओवर सांगितलं — मोठं सौरवादळ, ध्रुवाकडचा संपर्क बंद. म्हणजे लाइन वादळाने तुटली! तिने नाही ठेवला. शेवटचं वाक्य ऐकूसुद्धा गेलं नसेल. शेजारचा वायरमन हसला, "काका, सूर्याला काय तुमचीच भांडणं मिटवायची होती?" हसू दे. आज दोन घास जास्त गेले.

मग धसका. डोक्यावरून हवा चाललीय आणि पोर बरोबर तिच्याखाली! "अब्जावधी वर्षं पुरेल बाबा. आणि बरेच कण फिरून परतही येतात," असं तिनेच सांगितलं होतं. तरी खिडकी लावून घेतली. वेडा म्हातारा.

७ मार्च
काही नाही. फोन दोनदा पुसला.

८ मार्च
तिच्या ऑफिसात लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, सगळे सुखरूप, मोजमाप उत्तम झालं, संपर्क परवाच सुरू झाला.

परवा!

म्हटलं, सोमवारी आमची लाइन वादळानेच तुटली ना? "नाही हो. वादळ मंगळवारी पोचलं. सोमवारी दिवसभर लाइन छान होती."

पोरी, म्हणजे तू ऐकलंस. चुकलो गं. रागाचा का होईना, एक शब्द — लवकर कळव.