पाचव्या दिवसाची पंगत

अण्णा, सप्ताहाच्या आधी एका सकाळी मी दाळमंडईतून जवळजवळ रिकाम्या पिशव्या घेऊन परत आलो. तुमच्या सुनेनं चार पिशव्या एकीत एक घालून दिल्या होत्या. शाळेला सुट्टी होती म्हणून गर्दी व्हायच्या आत पोचलो. तुम्ही पंगतीचा किराणा ज्यांच्याकडे भरायचात त्यांचा मुलगा आता गल्ल्यावर बसतो. त्याला म्हणालो, बेसन, साखर, तेल, तूप, सगळ्या गावाच्या पंगतीचा अंदाज काढ. तो भाव सांगत गेला, मी मान हलवत गेलो. तेलापाशी आल्यावर मला राहवलं नाही. "अरे, दिवाळीत एवढा नव्हता." तो हसला. "सर, बाहेरून येणाऱ्या तेलावर कर वाढवलाय. शेतकऱ्याच्या भल्यासाठी. तुम्ही शेतकऱ्याच्याच घरातले ना?" मी शेतकऱ्याच्याच घरातला. माझ्या चुलतभावानं सोयाबीन विकलं तेव्हा त्याला हमीभावसुद्धा मिळाला नव्हता. मग माझ्या खिशातून गेलेला आणि त्याच्या खिशात न पोचलेला पैसा वाटेत कुठे उतरला, हे मला त्या मुलाला विचारायचं होतं; पण मागं गिऱ्हाइकं उभी होती. दुकानातून नुसते हात हलवत बाहेर पडलेलं तुम्हाला आवडायचं नाही, म्हणून पावशेर गूळ घेतला आणि घरी आलो.

तुम्हाला सप्ताहाचं वेगळं सांगायला नको, पण आता त्याचं काय झालंय ते सांगायला हवं. हनुमान जयंतीला संपणारा आपल्या गावचा सप्ताह, रोजची पंगत एकेका घराकडे, आणि पाचवा दिवस आपला. तुम्ही गेल्यावर जमिनीची वाटणी व्हायच्या आधी तो दिवस माझ्याकडे आला. तुमच्या वेळी आमटी-भाकरी असायची. आमटीचा खर्च त्या दिवशीच्या घराचा आणि भाकरी सगळ्या गावाच्या. उन्हं कलली की आम्ही मुलं पाट्या घेऊन आळीआळीनं फिरायचो, दारोदार ओरडायचो, "भाकरी द्या हो पंगतीला!" कुणाच्या पातळ, कुणाच्या जाड, कुणाच्या एका बाजूनं करपलेल्या. देवळात त्या एकाच ढिगात पडायच्या आणि मग कुणाच्या घरची कुणाच्या पानात गेली हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नसे. तुम्हाला नेमकं तेच आवडायचं, हे मला फार उशिरा कळलं. बुंदी मी सुरू केली. नोकरीत कायम झालो त्या वर्षी वाटलं, गुरुजींचा मुलगा सर झाला, गावाला गोड घालावं. पुढच्या वर्षी सहाव्या दिवसवाल्यांनी जिलबी केली, त्याच्या पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी पनीरची भाजी. आता आमटी-भाकरी वाढली तर लोक म्हणतील, सरांच्या घरी काही वाईट झालंय का.

एक दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. मी पाचवी-सहावीत असेन. कारखान्याचे एक संचालक आपल्या पंगतीला आले आहेत. पांढरी गाडी देवळासमोर उभी आहे, तिच्यावरच्या धुळीत आम्ही बोटानं रेघा ओढतोय. संचालक पाकीट काढतात आणि म्हणतात, "गुरुजी, पंगतीला आमचाही हातभार असू द्या." तुम्ही पाण्याची बादली खाली ठेवता, हात पुसता. मला वाटतं आता तुम्ही पैसे घेणार. तुम्ही म्हणता, "पैसं नकोत, दादासाहेब. भाकरी आनल्या का घरनं?" सगळे हसतात. संचालकही हसतात, पण तुम्ही हसत नाही. शेवटी ते ड्रायव्हरला गाडी घेऊन घरी धाडतात, आणि पंगत उठायच्या आत धोतराच्या फडक्यात बांधलेल्या पाच-सहा भाकरी येतात. त्या तुम्ही ढिगात टाकता. मी घरी येऊन आईला म्हणालो की पैसे घेतले असते तर पेढे आणता आले असते. तुम्ही जेवत होता. घास हातात धरून म्हणालात, "पैसं देनारा वाढतो, भाकरी देनारा बसतो. आपल्याला पंगतीत बसनारी मानसं पायजेत." मला त्यातलं काही कळलं नाही. एवढंच कळलं की आपण पेढे गमावले.

आता मला पैसे देणारे चोहीकडे दिसतात, म्हणून हे आठवतं. निवडणूक आली की सिलिंडर स्वस्त होतो आणि त्यावरही कुणाचा तरी फोटो असतो. मुलींची फी सरकारनं माफ केली, मी टाळ्या वाजवल्या. नंतर कळलं की उत्पन्नाची मर्यादा आहे आणि मी तिच्या जरासा वर आहे. त्या जराशासाठी पोरीची पूर्ण फी भरतो. कर्ज माफ झालं ते थकवणाऱ्यांचं. तुम्ही सोसायटीचं पीककर्ज मार्चअखेर फेडायला सांगून गेलात आणि मी फेडत राहिलो, म्हणून त्यातही मी नाही. खोटं कशाला बोलू, यंदा आयकर कमी झाला, देवापुढे साखर ठेवली होती मी. पण तेवढ्यात आमच्या आजारपणाच्या विम्याचा हप्ता वाढला आणि घराच्या कर्जाची वर्षं, मी फेडतोय तरी, लांबत चाललीत. कुठलाही पक्ष वाईटच करतो असं नाही. प्रत्येकाच्या पेटीत कुणासाठी तरी काहीतरी असतं. आमच्यासारख्यांसाठी त्या पेटीत फक्त पावती असते. गावातली माणसं म्हणतात, "तुमाला काय सर, एक तारखेला पगार." आणि पगार देणारे म्हणतात, पगारदार जाऊन जाऊन जाणार कुठं.

आणि पेन्शन. तुम्ही गेल्यावर आईला दर महिन्याला तुमची कुटुंब पेन्शन यायची. बँकेतून घरी आली की ती पैसे देव्हाऱ्यात ठेवायची आणि म्हणायची, "तुजा बाप आजून पगार धाडतोय बग." शेवटच्या आजारपणातही तिनं माझ्याकडे औषधाला पैसे मागितले नाहीत. मी मात्र जुनी पेन्शन बंद झाली त्या तारखेनंतर नोकरीला लागलो, म्हणून माझे पैसे बाजारात फिरतात आणि म्हातारपणी काय हाताला लागेल ते बाजार ठरवणार. जुनी पेन्शन प्रत्येक पक्षाला विरोधात बसल्यावर आठवते. खुर्चीवर बसला की समिती नेमतो. मी दोनदा मोर्च्याला गेलो, दोनदा वेगवेगळ्या लोकांना त्याच एका आशेनं मत दिलं. मी गेल्यावर तुमच्या सुनेला पगार कोण धाडणार, अण्णा?

अशा मनःस्थितीत असताना तो गावाहून आमच्याकडे आला. तुम्ही त्याला सुट्टीत ओट्यावर बसवून बाराखडी घोटून घ्यायचात तोच. आता रस्त्यांची कामं घेतो आणि साहेबांसाठी गाव सांभाळतो. साहेब म्हणजे आपल्या भागातून यंदा उभे राहणारे. आल्याबरोबर वाकून पाया पडला, गुरुजींचं घर म्हणून. चहा घेता घेता म्हणाला, "सर, लई इचार करू नका. यंदा साती दिवसाच्या पंगती साहेब उचलत्यात. गुलाबजाम, पुरी, मसालेभात. तुमचा दिवस तुमचाच राहील की. माईकवर नाव तुमचंच."

"आणि खर्च?"

"खर्चाचं तोंड तुमी बघायचंच न्हाई. सर, तुमी कर भरता, भरता का न्हाई? मग समजा तुमचंच तुमाला मिळतंय."

बायको आतून म्हणाली, "मग आमच्याच पैशाचं आहे तर फोटो साहेबांचा कशाला?"

तो खो खो हसला. "वैनी, फोटो न्हाई लावला तर लोकांना वाटंल देवानंच दिलं!"

मीही हसलो. आणि म्हणालो, "बघू." अण्णा, नाही म्हणायचं ते म्हटलं नाही. समोर बसलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून आपण बघू म्हणतो; आणि गावाकडे बघू म्हणजे हो, हे मला पन्नाशीला आल्यावर तरी ठाऊक असायला हवं होतं. शिवाय खरं हे की त्या क्षणी मला हलकं वाटलं होतं. डोळ्यांपुढे तेलाचा भाव होता आणि पोरीच्या फीचा हप्ता.

सप्ताह बसला त्या संध्याकाळी चुलतभावानं मोबाईलवर फोटो पाठवला. देवळाच्या कमानीला फ्लेक्स. त्यावर गाभाऱ्यातल्या मूर्तीपेक्षा मोठे साहेब, हात जोडलेले. खाली, पाचव्या दिवसाचे अन्नदाते म्हणून माझं नाव, आणि त्याच्या मागे कंसात तुमचं. कैलासवासी गुरुजी यांच्या स्मरणार्थ. तुमचं नाव साहेबांच्या कोपराखाली आलं होतं. मी फोटो बायकोला दाखवला. तिनं तो बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "अहो, यांना विचारलं होतं का कुणी?" यांना म्हणजे तुम्हाला.

चौथ्या दिवशी दुपारीच मी गावाला गेलो. तो कमानीपाशीच भेटला. म्हणालो, "उद्याची पंगत आमची आम्ही करतो. आमटी-भाकरी. फ्लेक्स उतरव."

त्याचा चेहरा पडला. "सर, आचारी ठरलाय. तुमी व्हय म्हनला हुता."

"बघू म्हणालो होतो. बघितलं."

"साहेबाला काय सांगू मी?"

"सांग, गुरुजींच्या पंगतीला पैसे चालत नाहीत. घरून पाच भाकरी पाठवा म्हणावं, आणि येऊन पंगतीत बसा."

त्यानं वर फ्लेक्सकडे पाहिलं. दादासाहेबांच्या भाकरींची ती गोष्ट गावात सगळ्यांना माहीत आहे. म्हणाला, "मग काढा तुमीच. माज्यानं न्हाई व्हायचं, माजं पोट हाय त्याच्यावर." चुलतभावानं शिडी धरली. या वयात कमानीवर चढून मी सुतळीच्या गाठी सोडल्या, खाली पोरं मोबाईलवर चित्रण करत होती. फ्लेक्स फेकला नाही. दुसऱ्या दिवशी चुलीवर ऊन येत होतं, तिथं तो छपरासारखा बांधला, छापलेली बाजू वर, आभाळाकडे.

आता तुम्हाला वाटेल पंगत तुमच्या वेळेसारखी झाली असेल. नाही झाली. आमटी छान झाली, आईच्या हाताचा मसाला चुलतवहिनीला येतो. पण पाटी घेऊन मी स्वतः दारोदार फिरलो तरी भाकरी कमी पडल्या. निम्म्या घरांतून आता भाकरी होतच नाही. एका दारात माझ्यापुढे वीस रुपये धरले, एका दारात पावाची लादी. "सर, एवढ्या भाकऱ्या कोन थापीत बसतंय? गॅस काय फुकट हाय का?" हे म्हणणारी बाई खोटं बोलत नव्हती. पैसे घेतले नाहीत, पाव घेतला, ढिगात टाकला. शेवटच्या पंगतीला आमटीत भात कालवून वाढला. दोन-चार जण पान तसंच सोडून उठले आणि जाता जाता मला ऐकू येईल असं बोलले, "पगार मोठा, हात आखडता." साहेब आले नाहीत. त्यांच्या घरच्या भाकरीही आल्या नाहीत. पंगत सुरू असताना तो मात्र आला, तुमचा बाराखडीवाला. शर्टाच्या आत धरलेलं एक फडकं काढलं, त्याच्या आईनं केलेल्या भाकरी होत्या. कुणी बघायच्या आत ढिगावर ठेवल्या आणि कडेला बसून जेवला. मी पाणी वाढत त्याच्यापर्यंत गेलो. त्याचा पेला भरला आणि पुढच्या पानाकडे सरकलो.

हे सगळं तुम्हाला कळवावं म्हणून लिहायला बसलो. कळवणार कुठं? पाकीटही आणलं नाही. शेवटी एक सांगायचं राहिलं ते सांगतो. गेली काही वर्षं मी तुमच्यावर रागावलो होतो. तुमच्या फोटोला हार घालताना मनात यायचं की यांना ताठ राहणं सोपं होतं, यांना पेन्शन होती. तेलाचा भाव ऐकला की तुमचीच चीड यायची, सरकारपेक्षा जास्त. मला हेवा वाटण्यासारखं तुमच्याकडे काय होतं, तर म्हातारपणाची खात्री. आणि ती तुम्ही माझ्यापासून काढून घेतली नव्हती.

सहाव्या दिवशी मी साहेबांच्या पंगतीत बसलो. गुलाबजाम दोन खाल्ले, अण्णा, आणि ते गोड होते. हात धुतले, सप्ताहाच्या कमिटीपाशी गेलो आणि सांगितलं, पुढच्या वर्षीचा पाचवा दिवस आमचा, आमटी-भाकरीच होईल, भाकरी कमी पडल्या तर कमी पडतील. त्यांनी विचारलं, "नक्की का, सर?" या वेळी मी बघू म्हणालो नाही.